वरातीमागून आलेली विमानं

परवापासून एक फॉरवर्ड फिरतोय, मला आत्तापर्यंत चार ग्रुपवर आलाय, त्यातल्या फॅमिली ग्रुपवर तर दोनदा, आणि दुसऱ्यांदा टाकणाऱ्या काकांनी वर 'डोळे उघडणारा इतिहास' असं लिहून टाकलाय. मजकूर थोडक्यात असा: १९३९ साली रशिया एवढ्याशा फिनलंडवर तुटून पडला, फिनलंडकडे विमानंच नव्हती, मग ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका, इटली आणि चक्क हिटलर, सगळ्यांनी मिळून पाचशे विमानं फुकट पाठवली, ती येताच फिनिश पायलटांनी हजार रशियन विमानं पाडली, स्वतःचं एकही गमावलं नाही, आणि रशिया पळून गेला. तात्पर्य काय, तर छोट्या देशाने स्वतः काही बनवत बसायची गरज नाही, मित्र चांगले पाहिजेत. सोबत एका बुटक्या विमानाचा फोटो, त्याच्या अंगावर स्वस्तिक.

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. शाळेत असल्यापासून विमानांची मॉडेलं चिकटवायचा नाद, त्यातून हे वाचन लागलं. पण हा फॉरवर्ड सोलायला तेवढं वाचन पुरतं. काकांचा मान ठेवून एकेक वाक्य घेतो.

'फिनलंडकडे विमानंच नव्हती.'

होती की. कमी होती, त्यातली बरीच जुनाट होती, पण होती. ३० नोव्हेंबर १९३९ ला हेलसिंकीवर पहिले बॉम्ब पडले तेव्हा फिनिश हवाई दलाकडे लढाईच्या कामाची साधारण ११४ विमानं होती. समोर रशियाने त्या युद्धात लावलेली विमानं ३,८८० धरतात, म्हणजे एकास चौतीस. आता ११४ मध्ये काय काय होतं बघा. ब्रिटनकडून युद्धाच्या आधीच रीतसर विकत घेतलेली १८ ब्लेनहाइम बॉम्बर (त्यातली एखाददुसरी तोवर अपघातात गेलेली), दहाएक बुलडॉग फायटर जे तेव्हाच म्हातारे झाले होते, टेहळणीची दुपंखी (एकावर एक असे पंख असलेली) विमानं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोकर डी-२१, उडण्याजोगे ३६ च्या आसपास.

हा फोकर म्हणजे दिसायला अगदीच साधा माणूस. चाकं आत जात नाहीत, खाली लटकतच असतात, मशीनगन चार, वेगही त्या काळाच्या मानाने बेताचाच. पण चाकं फिक्स असल्याचा फायदा असा की हिवाळ्यात ती काढून तिथे स्की लावायच्या आणि गोठलेल्या तळ्यावर उतरायचं, तळं हाच विमानतळ, बाजूला चार तंबू, एक टेलिफोन, वारा बघायची कापडी पिशवी, झालं. डिझाइन डच, पण नेदरलँडकडून तयार आलेले फोकर फक्त ७, बाकीचे ३५ लायसन्स घेऊन फिनलंडनेच आपल्या सरकारी कारखान्यात बांधले, तांपेरे शहरात. नाशिककडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, ओझरला मिग बनायला लागली तीही अशीच, डिझाइन त्यांचं आणि हात आपले. आणि ज्याने विमान स्वतः जोडलंय त्याला ते मोडलं तर दुरुस्त करता येतं, ही गोष्ट पुढे फार कामाला येणार आहे.

आता ६ जानेवारी १९४० ची गोष्ट. रशियाचे आठ डीबी-३ बॉम्बर आले, सोबत फायटर नाहीत. त्यातला एक सोवेलिउस नावाच्या फिनिश पायलटने आधीच पाडला. उरलेले सात परत येताना योर्मा सार्वान्तो या दुसऱ्या फिनिश पायलटला दिसले. चार-पाच मिनिटांत त्याने सहा पाडले, एकामागून एक, गोळ्या संपेपर्यंत, आणि सातवा परत सोवेलिउसनेच पाडला. सगळा थवा संपला. सार्वान्तोचा एक फोटो प्रसिद्ध आहे, हातात पाडलेल्या विमानाचा पत्रा, त्यावर मोठा ५ आकडा. फॉरवर्डमध्ये हा किस्सापण घातलाय, फक्त विमान 'अमेरिकन' करून टाकलंय. सार्वान्तोचं विमान होतं फोकर, नंबर एफआर-९७. एफआर-७६ ते ८२ हे सात नेदरलँडहून आलेले, ८३ पासून पुढचे सगळे तांपेरेचे. म्हणजे फॉरवर्डने स्वतःच्या मुद्द्यासाठी जो सगळ्यात भारी पुरावा आणला तोच त्याच्या विरुद्ध साक्ष देतोय!

आणि नुसतं विमानपण नाही. त्यांचा स्क्वाड्रन कमांडर होता मॅग्नुसन, त्याने युद्धाच्या कितीतरी आधीपासून पोरांना दोन-दोनच्या जोडीत उडायला शिकवलं होतं, जेव्हा बहुतेक सगळी हवाई दलं तिघातिघांचा घट्ट त्रिकोण करून उडत होती, ज्यात दोघांचं अर्धं लक्ष आपण शेजारच्याला धडकत तर नाही ना यातच. वर ऑर्डर अशी की रशियन फायटरशी उगाच कुस्ती खेळायची नाही, आपल्याकडे गमवायला विमानं नाहीत, बॉम्बर गाठा, जवळ जा, मगच गोळी मारा. हे सगळं बोटीतून क्रेटमध्ये भरून येत नाही.

'पाचशे विमानं पाठवली.'

इथे जरा थांबावं लागेल, कारण गोंधळाचं मूळ इथेच आहे. विमान 'देतो' म्हणणं, ऑर्डर होणं, बोटीत चढणं, बंदरात उतरणं, जोडून होणं, त्यावर पायलट तयार होणं आणि ते आघाडीवर लढणं, या सात वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फॉरवर्डवाले पहिलीचा आकडा घेऊन सातवीच्या जागी चिकटवतात. बोलाचीच कढी बोलाचाच भात. युद्ध चाललं एकूण १०५ दिवस, १३ मार्च १९४० ला संपलं. ही तारीख डोक्यात ठेवून खालची यादी वाचा.

ग्लॅडिएटर, ब्रिटनचे, ३०. आले जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. हे खरंच लढले, विमानंही पाडली, पण दुपंखी विमान ते, तोवर रशियाची फायटर सुधारली होती, तीसातले डझनभर तरी गेले. २९ फेब्रुवारीला (लीप वर्ष होतं) रुओकोलाहतीच्या तळावर रशियन फायटर येऊन तुटून पडले तेव्हा घाईघाईत टेकऑफ घेणाऱ्यांपैकी पाच ग्लॅडिएटर आणि एक फोकर एका झटक्यात गेला. त्या सुमाराला ग्लॅडिएटर फायटरच्या कामावरून काढून टेहळणीला लावायला सुरवातही झाली होती.

मोरान फायटर, फ्रान्सचे. कबूल केले ५०, आले ३०, तेही फेब्रुवारीत. म्हणजे युद्धाचे दोन महिने तर ते फिनलंडमध्ये नव्हतेच.

फियाट जी-५०, इटलीचे. ही ३५ ची ऑर्डर फिनलंडने युद्ध सुरू व्हायच्या आधी, ऑक्टोबरातच दिलेली, तरी आघाडीवर पहिली काही यायला फेब्रुवारीचा शेवट उजाडला. का ते पुढे सांगतो. कॉकपिट उघडं, इटलीच्या उन्हाला ठीक, इथे उणे तीस-चाळीस. दिएगो मान्झोक्की नावाचा एक इटालियन व्हॉलंटिअर हेच विमान उडवताना ११ मार्चला मेला, युद्ध संपायला दोन दिवस होते.

हरिकेन, ब्रिटनचे, नाव मोठं. निघाले १२, पोचले १०, मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. लढाईत सहभाग शून्य.

ब्रुस्टर, अमेरिकेचे, ४४. फॉरवर्डचे खरे हीरो हेच. डिसेंबर १९३९ मध्ये सौदा झाला, अमेरिकन नेव्हीसाठी बनत असलेली विमानं वळवली, नेव्हीचं सामान काढलं, बोटीने नॉर्वे, तिथून रेल्वेने स्वीडनमधलं ट्रॉलहेट्टान, तिथे जोडणी, मग उडत फिनलंड. युद्ध संपलं तेव्हा फिनलंडात पोचलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्या युद्धात एकानेही गोळी झाडली नाही.

कॉड्रॉन, फ्रान्सचे. कबूल ८०, आले ६, युद्ध संपल्यावर, आणि फिनिश लोकांनी बघून बाजूला ठेवले. दक्षिण आफ्रिकेकडून गॉन्टलेट आले २५, ते पोरांना शिकवायला वापरले. ब्लेनहाइम मात्र अजून २४ आली, १२ जानेवारीत आणि १२ फेब्रुवारीच्या शेवटी, ती कामाची ठरली, कारण ते विमान फिनलंडला आधीपासून माहीत होतं. परत तोच मुद्दा.

मग बेरीज करा. फायटर-बॉम्बर मिळून फार तर सव्वाशे-दीडशे, त्यातही जवळजवळ सगळी शेवटच्या सात-आठ आठवड्यांत. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पहिल्या दोन महिन्यांत जे काही पाडलं ते बहुतेक घरच्या फोकरने आणि आधीपासून असलेल्या तोफांनी, आणि पूर्ण युद्धात फिनिश फायटरांनी पाडलेल्यांतली अर्ध्याहून जास्त एकट्या फोकरच्या नावावर आहेत.

याच्या उलट टोकाचा पण एक फॉरवर्ड असतो हां, 'जगात कुणीच फिनलंडच्या मदतीला आलं नाही' वाला. तोही खोटा. स्वीडनने तर स्वतःच्या हवाई दलातले १२ ग्लॅडिएटर आणि काही हार्ट बॉम्बर पायलट-मेकॅनिकसकट व्हॉलंटिअर म्हणून पाठवले, त्यांच्याकडच्या एकूण फायटरांचा तो जवळपास तिसरा हिस्सा होता! त्यांनी उत्तरेकडचा लॅपलंडचा भाग सांभाळला, त्यामुळे फिनिश फायटर दक्षिणेला मोकळे राहिले. पहिल्याच दिवशी, १२ जानेवारीला, त्यांचे तीन हार्ट गेले, दोन तर आपापसांत धडकून. तरी टिकून राहिले बिचारे. डेन्मार्कचे पायलट आले, ग्लॅडिएटर उडवताना मेले. मदत खरी होती, उशिरा होती, आणि पाचशे विमानांची नव्हती, एवढंच.

'हिटलरनेही विमानं दिली.'

हे वाचून हसावं की रडावं कळेना. ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर आणि स्टॅलिनचा करार झालेला, त्यात फिनलंड गुपचूप रशियाच्या वाट्याला टाकलेला. ते इटलीचे फियाट रेल्वेने जर्मनीतून यायचे होते, सुरवातीचे दोन गेले आणि मग जर्मनीने वाटच अडवली. बाकीचे बोटीने लांबचा वळसा घालून स्वीडनला न्यावे लागले. ऑक्टोबरातली ऑर्डर फेब्रुवारीत का पोचली याचं उत्तर हेच. जर्मनीने फिनलंडला विमानं विकली, पण नंतरच्या युद्धात (१९४१ ला फिनलंड आणि रशिया परत भिडले ते), १९४३ पासून मेसरश्मिट वगैरे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने दोन वेगळी युद्धं एका भांड्यात ढवळलीयत.

'सगळं फुकट.'

नाही हो. अमेरिकेने ब्रुस्टर विकले. इटलीचे फियाट विकत घेतलेले. ब्रिटनच्या ३० ग्लॅडिएटरपैकी २० चे पैसे मोजले, १० भेट. हां, भेटी होत्या, आणि त्यातली एक मला फार आवडते. स्वीडिश सरदार कार्ल गुस्ताफ फॉन रोझेन, याने एक डीसी-२ प्रवासी विमान मिळवून फिनलंडला दिलं आणि स्वतः उडवायला गेला. प्रवासी विमानाला बॉम्बरॅक लावले, वर मशीनगनवाल्याला बसायला जागा केली, आणि एका रात्री नेऊन बॉम्ब टाकून आले. एकच फेरी. मग शहाण्यासारखं त्याला माल वाहायला लावलं. हाच माणूस पुढे १९६९ मध्ये नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राच्या युद्धात छोट्या स्वीडिश ट्रेनर विमानांना रॉकेट लावून नायजेरियाच्या विमानतळांवर हल्ले करत होता, वय तेव्हा साठीला टेकलेलं. काही लोकांना खोडच असते.

'हजार रशियन विमानं पाडली.'

यात दोन चुका आहेत, आकड्याची आणि 'कोणी' याची. फिनिश हिशोबात फायटरांनी पाडलेली साधारण २००, आणि जमिनीवरच्या विमानविरोधी तोफांनी पाडलेली ३०० च्या वर. म्हणजे स्वतः फिनलंडसुद्धा हजार म्हणत नाही, पाचशे म्हणतो! आणि त्यातही मोठा वाटा पायलटांचा नसून तोफांचा. चाळीस मिलिमीटरची बोफोर्स, स्वीडनची. बोफोर्स म्हटलं की आपल्याकडे वेगळंच काहीतरी आठवतं, पण कंपनी तीच. तोफेवर सिनेमा निघत नाही, तिच्या शेजारी कुणी स्कार्फ घालून फोटो काढत नाही, म्हणून फॉरवर्डमध्ये तिचं नाव नाही. आणि विमान येतंय हे कळवणाऱ्या लोत्ता स्वार्द संघटनेच्या बायका, थंडीत टॉवरवर उभ्या राहून आकाश बघायच्या आणि फोन करायच्या, त्यांचंही नाही.

रशियन बाजूचे आकडे त्यांच्या कागदपत्रांवरून काढले की २६१ पासून ५१५ पर्यंत निघतात, कोण कसं मोजतं त्यावर. लढाईत पडलेलंच धरायचं, की परत येताना धुक्यात हरवून जंगलात उतरलेलंपण, की तळावर उतरताना मोडलेलंपण? त्या हिवाळ्यात थंडी भयंकर, डिसेंबरात दिवस जेमतेम पाच-सहा तासांचा, उत्तरेला तर तेवढाही नाही, नवशिके पायलट, खाली सगळं एकसारखं पांढरं. शत्रूशिवायही भरपूर विमानं गेली. ती कोणाच्या खात्यात टाकायची यावर आकडा दुप्पट होतो किंवा निम्मा.

फिनिश दाव्यांबद्दल एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. बहुतेक लढाया त्यांच्याच जमिनीवर झाल्या, विमान पडलं की बर्फात अवशेष सापडायचे, जाऊन बघता यायचं, म्हणून दावे इतर हवाई दलांच्या मानाने बरेच टिकतात. जी कमी मोडलेली सापडली ती दुरुस्त करून त्यांनी स्वतःच्या दलात घेतली. आपल्या रंगात रंगवलेला रशियन डीबी-३, ही पण एक प्रकारची परदेशी विमान-मदतच म्हणायची.

'स्वतःचं एकही गमावलं नाही.'

६२. सगळी कारणं धरून फिनलंडची ६२ विमानं गेली. सुरवातीला होती ११४, म्हणजे निम्म्याहून जास्त इतकी. रशियाची वरच्या अंगाने ५१५ धरली तरी ३,८८० मध्ये ती साधारण आठवा हिस्सा. नुसता पाडापाडीचा आकडा बघितला की फिनलंड जिंकलेला दिसतो, हिश्श्यात बघितलं की रशियाला ते परवडत होतं आणि फिनलंडला नव्हतं. आणि इथे, फक्त इथे, परदेशी विमानांचं खरं काम दिसतं. त्यांनी आकाश जिंकलं वगैरे काही नाही, त्यांनी खड्डा भरला. इतकी गमावूनही युद्ध संपताना फिनिश हवाई दलाकडे सुरवातीपेक्षा जास्त विमानं होती. हे फॉरवर्डमध्ये लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो, कारण हे खरं आहे आणि भारीपण आहे.

'रशिया पळाला.'

फेब्रुवारीत रशियाने पद्धत बदलली, बॉम्बरसोबत फायटर पाठवायला लागले, लांब जाता यावं म्हणून जादा टाक्या लावून, आणि सार्वान्तोसारखे दिवस परत आले नाहीत. फिनलंडच्या आकाशात फिनिश विमानांचं राज्य कधीच नव्हतं. ५१६ ठिकाणी मिळून दोन हजारांवर हवाई हल्ले झाले, ९५७ नागरिक मेले, व्हीपुरी शहर बॉम्बने पार उद्ध्वस्त. आणि मॉस्कोत १२ मार्चला तह झाला त्यात हेच व्हीपुरी आणि कारेलियाचा मोठा भाग गेला, चार लाखांवर माणसं घरदार सोडून आत सरकली. देश वाचला ही फार मोठी गोष्ट, रशियाला अख्खा फिनलंड मिळाला नाही, जबर किंमत मोजावी लागली. पण पळाला म्हणणं म्हणजे ज्यांची घरं गेली त्यांच्या तोंडावर सांगण्यासारखं आहे.

राहता राहिला फोटो. काकांचा मेन पुरावा तोच होता, 'हे बघ, स्वस्तिक आहे, हिटलरचं विमान.' ते निळं स्वस्तिक फिनलंडच्या विमानांवर १९१८ पासून १९४५ पर्यंत होतं, नाझी पक्ष जन्मायच्या आधीपासून. त्यांच्या हवाई दलाचं पहिलंच विमान भेट आलं होतं, एका स्वीडिश सरदाराकडून, एरिक फॉन रोझेन, आणि त्याची शुभचिन्हाची खूण म्हणून पंखांवर ते काढलेलं. ते विमान पोचवणाऱ्या पायलटला परवानगी न घेता देशाबाहेर गेल्याबद्दल स्वीडिश सरकारने १०० क्रोनरचा दंड केला, मदत करायला जा आणि दंड भरा. वर ज्याच्या डीसी-२ ची गोष्ट सांगितली तो कार्ल गुस्ताफ या एरिकचाच मुलगा. बापाने पहिलं विमान दिलं, पोराने बावीस वर्षांनी प्रवासी विमानाचं बॉम्बर करून दिलं.

आणि फोटोतलं विमान ब्रुस्टर आहे. चांगलं निघालं ते, १९४१ नंतरच्या युद्धात फिनिश लोकांनी त्यावर साडेचारशेच्या वर विमानं पाडल्याचा हिशोब आहे, तेच विमान जे सिंगापूरला ब्रिटिशांच्या हातात पार निकामी ठरलं होतं. पण ते नंतरचं युद्ध. फॉरवर्डमधलं युद्ध नोव्हेंबरअखेर सुरू होऊन मार्चमध्ये संपलं, आणि काका, तुम्ही तो फोटो जरा झूम करून बघा, चाकांपाशी गुडघाभर गवत आहे आणि पंखावर बसलेला मेकॅनिक बनियनवर आहे.